पाण्याच्या खड्ड्यापासून पुढे

बायकोला पाठीवर घेऊन पळायच्या शर्यतीत हिल्क्का नवऱ्याला खांद्यावर टाकून पहिली आली. पंचांच्या मते मात्र असं काही घडलंच नाही.

झालं असं, की वाटेतल्या पाण्याच्या खड्ड्यात तिच्या नवऱ्याच्या, वेइक्कोच्या, गुडघ्यात फटकन आवाज झाला आणि पाय सरळच होईना; तिथून पुढे हिल्क्कानेच त्याला उचललं.

"वाटीखालची कंडरा तुटलीय, म्हणून वाटी वर सरकलीय," शेवटच्या रेषेपाशी गुडघा तपासून शर्यतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून शिवू. मग पाय पट्ट्यात सरळ ठेवायचा आणि हळूहळू व्यायाम."

"आणि माझी बियर?" वेइक्को कळवळला. बायकोच्या वजनाइतकी बियर हे बक्षीस होतं.

"गप पड रे!" म्हणत हिल्क्काने तिथेच पंचांना अर्ज लिहिला: 'शर्यतीपुरतं श्री. वेइक्को यांना माझी बायको समजण्यात यावं आणि बियर त्यांच्या वजनाने द्यावी, ही नम्र विनंती.'