पितळी घंटेवरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी हातघंटा आहे. तळघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून हल्ली मला त्याला टेकवून ठेवतात. तक्रार नाही. आयुष्यात इतकी वाजले आहे की आता गप्प बसणंच बरं वाटतं.

ओतशाळेतून मी थेट अमेरिकेतल्या या डोंगराळ राज्याच्या विधानसभेत आले. त्या काळी देशाच्या सिनेटवर कोणाला पाठवायचं ते जनता नव्हे, आमदार ठरवत. बहुमत झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा मतदान. मतदानाआधी कारकून मला वाजवी. सुरुवातीला माझ्या आवाजाचं कौतुक झालं. पण त्या हिवाळ्यात चाळीस दिवस झाले तरी रोज पहिले पाढे पंचावन्नच. मी वाजले की लोक कान झाकू लागले. मीही कंटाळले होते.

चाळिसाव्या दिवशी मेंढपाळ आमदार एझ्रा टटलला तार आली. बायको हॅना शेवटच्या घटका मोजत होती. घर दीड दिवसाच्या वाटेवर. तो गेला तर त्याच्या पक्षाचं एक मत कमी होणार, म्हणून तार मुठीत धरून तो नुसता बसून राहिला.

विरोधी पक्षाचा गिडियन प्रॅट त्याच्याजवळ आला. दोघांचं कधी पटलं नव्हतं.

"अरे, बसलायस काय? जा की."

"आणि माझं मत?"

"तू येईपर्यंत मीही मत देत नाही. झाली फिटंफाट."

आमच्याकडे अशी रीत होती. लिहून काही नसे, फक्त हातात हात. दोघांनी तो दिला आणि टटल निघाला.

दुसऱ्या दिवशी मी वाजले आणि आक्रीत घडलं. टटलच्या बाजूचे दोघे फुटले. प्रॅटच्या उमेदवाराला आता एकच मत कमी होतं, प्रॅटचं. कारकुनाने त्याचं नाव तीनदा पुकारलं.

"प्रॅट, तोंड उघड!" पक्षाचा पुढारी मॅडॉक ओरडला. "चाळीस दिवस झक मारली का आम्ही?"

"मी शब्द दिलाय."

"त्या मेंढीवाल्याला? त्याला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

मॅडॉकने मला उचलून टेबलावर आपटलं. माझ्या कडेला पोचा पडला.

फुटलेले दोघे दुसऱ्या दिवशी परत फिरले. अधिवेशन संपलं, सिनेटची जागा रिकामीच राहिली. प्रॅटला पक्षाने पुन्हा कधी उभं केलं नाही. पुढे कायदा बदलला, जनताच मत देऊ लागली आणि माझं काम संपलं.

टटल निघाल्यापासून सहाव्या दिवशी परतला होता. दंडावर दुखवट्याची काळी फीत होती.

"भेट झाली?" प्रॅटने विचारलं.

"झाली. ओळखलं तिने मला."

प्रॅटने मान हलवली आणि स्टोव्हजवळची आपली खुर्ची त्याला दिली.

मित्रांनो, कधी तळघरात आलात तर माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. फार थकले आहे, बरं वाटेल. पण कडेचा पोचा ठोकून सरळ करू नका. त्या दोघांचा हातात हात मी पाहिला होता, आणि त्याची एवढी एकच खूण उरली आहे.