टाचेखालचे अंतर

“यंत्रं थांबवा!”

दादांनी हात वर केला आणि कारखान्यातला खडखडाट एकाएकी ओसरला.

पादत्राणांच्या त्या लहानशा कारखान्याची ही जुनी रीत होती. कोपऱ्यातल्या मेजावर, पाय असमान असलेल्या माणसांसाठी, एकेकाच्या मापाने जोडा घडवला जाई. जोडा घालून तो माणूस लाकडी फळ्यांवरून चालू लागला, की बाकीचे सारे काम थांबे. दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि पावलांचा नाद ऐकत. पाहणारा समोर असला की लंगडणारा माणूस संकोचाने सावरून चालतो. ऐकणाऱ्यापुढे त्याला तसे करता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

आज मात्र त्यांचे अवधान दुभंगले होते. फळ्यांवर चालत होती एक तरुण परिचारिका, जिचा डावा पाय जन्मतःच आखूड होता. आणि दारात घाम पुसत उभा होता घाऊक व्यापारी. शाळकरी बुटांची वर्षभराची मागणी तो देऊ करत होता. अलीकडे दुपार टळली की निम्मी यंत्रे मुकी होत. ही मागणी मिळाली नाही, तर कुणाला तरी घरी बसवणे अटळ होते, आणि ते कोण याचा विचार करण्याचे धैर्य दादांना होत नव्हते.

पावले समान पडत होती. अगदी समान. तरीही वळणावर मुलगी भिंतीला धरून थांबली.

“काय झालं, पोरी?”

“पाय सरळ पडतोय, दादा. पण कंबरेतून कुणी ढकलल्यासारखं वाटतंय.”

पाय जितका आखूड, तितकी टाच कधीच चढवायची नसते. शरीराने आयुष्यभर त्या उतारावरच आपला तोल साधलेला असतो. त्याच्यासाठी थोडे अंतर राखून ठेवावे लागते. हे दादाच इतरांना शिकवत आले होते. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीला मुलीचे दोन्ही खांदे एका रेषेत दिसावेत, या हव्यासापायी त्यांनी स्वतःच ते सारे अंतर भरून काढले होते.

“बूट काढ. बस जरा. ड्यूटीला हाच घालून जाशील.”

ते टाच तासू लागले. व्यापारी जवळ आला.

“दादा, माल तुमचा चोख आहे, म्हणून तर आलो. पण दिवसातून कितीदा थांबता असं?”

“माणूस येईल तितक्यांदा.”

“तेच म्हणतोय मी. मला माल वेळेवर लागतो. हा कोपरा बंद करा, इथली माणसं बुटांना लावा. मी काही तुमच्या वाईटावर नाही.”

तो खरोखरच वाईटावर नव्हता. दादांची अडचण तीच होती.

“दाजी, हो म्हणून टाका की! घोडं अडलंय कुठं?” शिवणयंत्रावरून मेहुण्याचा आवाज आला. उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला ‘सुतळी’ म्हणत.

“तू गप रे! मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायची खोड जाईना अजून,” चामडे कापता कापता दादांची पत्नी म्हणाली.

“ताई, केस पिकले माझे. अजून किती मोठा होऊ?”

हशा पिकला, पण लगेच विरला. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि कान इकडे.

“असे पाय असलेली माणसं मग कुठं जातील?” दादांनी विचारले.

“शहरातल्या मोठ्या दुकानांत मिळतं की सगळं.”

“गेले होते मी,” परिचारिका हळूच म्हणाली. “त्यांच्याकडं मापं तयार असतात. त्यात माझं नव्हतं.”

दादा व्यापाऱ्याकडे वळले. “निम्मी मागणी द्या. दिल्या दिवशी माल देतो.”

“निम्म्यात माझं भागत नाही, दादा.”

“मग मला नाही म्हणावं लागेल.”

दादा पुन्हा टाच तासू लागले. व्यापाऱ्याने खिन्नपणे मान हलवली. तो दाराशी पोचला, तोच सुतळी उठला.

“दाजी... यांना शिवणारे हवेच आहेत. मी जातो यांच्याबरोबर. पोरं लहान आहेत माझी. इथं उद्याचा भरवसा नाही.”

बहिणीकडे त्याने पाहिले नाही. तिची कात्री चामड्यात तशीच रुतून राहिली.

दादांनी टाचेवरून शेवटचा हात फिरवला, बूट मुलीच्या पायात घातला, भिंतीकडे तोंड केले. ती चालली. या वेळी दोन पावलांत किंचित उणेअधिक होते. तिचे तिला पेलणारे. “आता बरं वाटतंय,” ती म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

मग दादा बाहेर व्यापाऱ्याच्या गाडीपाशी गेले. सुतळी आधीच आत बसला होता.

“हा माझा सर्वांत चांगला शिवणारा,” ते व्यापाऱ्याला म्हणाले. “डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं त्याला, तेव्हा उजेडात बसवा. आणि ओरडू नका. वरून थट्टा करतो, पण मनाला फार लावून घेतो.”

सुतळीने गाडीची काच वर केली.

आत येऊन दादा मेहुण्याच्या यंत्रावर बसले. त्यांचे पाय खालच्या, पायाने हलवायच्या पायट्यापर्यंत नीट पोचेनात.

“स्टूल खाली करून देऊ?” पत्नीने विचारले.

“राहू दे,” दादा म्हणाले, आणि पुढे सरकून, चवड्यांनी, यंत्र चालवू लागले.