मामांच्या तोंडातली काडी

शेवटी कलम लागलं, म्हातारी वाचली आणि तिचं पहिलं अंजीर मी न धुता, न फोडता, सबंध खाल्लं.

हे झालंच नाही असं धरून चालू. कलम अजून लागायचं आहे, म्हातारी शेवटच्या घटका मोजते आहे आणि मी अजून इभ्रत राखून आहे.

म्हातारी म्हणजे झाड. मामांच्या रोपवाटिकेतलं सगळ्यात जुनं अंजीर. मला मामांकडे कलमं करायला शिकायला पाठवलं होतं, कारण घरच्यांचं मत असं की मातीत हात गेले की माणसाचं नाक आपोआप खाली येतं. माझं आलं नाही. मी शेंग फोडून पाहतो, केळं मोडून पाहतो, पावाची घडी उलगडून पाहतो. पाहिल्याचा पश्चात्ताप होतो आणि तरी पाहतो. मामा-मामी दोघंही मला नाकमुरडे म्हणतात, तेही असं की हे आमचं पिढीजात आडनाव असावं.

उन्हाळ्यात अंजिराचं काय होतं हे अंजीर खाणाऱ्यांना कुणी सांगत नाही, तेच बरं आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला फळाला एक भोक असतं. ऊन तापलं की ते उघडतं. तिळाएवढे काळे किडे आत शिरतात, संसार थाटतात आणि फळ आतल्या आत आंबतं. मग त्या भोकातून फेस येतो. शिरका आणि ओले मोजे एकाच बरणीत घालून झाकण लावावं आणि महिन्याने कुणीतरी प्रेमाने आपल्या नाकाखाली उघडावं, तसा वास. फेसाळलेली फळं तोडून बादलीत टाकणं हे माझं काम. फेस मनगटावरून कोपरापर्यंत वाहत यायचा आणि कोपराशी माश्या त्याची वाट पाहत बसलेल्या असायच्या. मी नाकाला कपड्यांचा चिमटा लावून काम करायचो. मामींचं म्हणणं एवढंच होतं की चिमटा परत दोरीला लावण्याआधी धुवावा. म्हणजे किळस त्यांनाही होती, पण माझ्या नाकाची.

म्हातारीचं फळ मात्र वेगळं. त्याच्या भोकाशी मधासारखा एक थेंब यायचा, तो वाळायचा आणि बूच बसायचं. किड्यांना प्रवेश बंद. कितीही ऊन असो, फळ आत स्वच्छ, लाल आणि गप्प. जगात मी न तपासता तोंडात घालत होतो अशी ती एकच गोष्ट होती. ते अंजीर खाताना मला कळायचं की बाकीची माणसं दिवसभर कशी जगत असतील. दाताखाली काय येईल याची धास्ती नसलेली माणसं.

आणि नेमकी तीच मरायला लागली. खोडकिड्याने तिला आतून पोखरलं. खोडाच्या भोकांतून ओला, तपकिरी भुसा बाहेर पडायचा, आजारी माणसाच्या पोटातून पडावा तसा. मामांनी एका भोकात तार घालून अळी ओढून काढली. पांढरी, जाडजूड, नख नसलेल्या अंगठ्यासारखी. मला नीट दिसावी म्हणून त्यांनी ती माझ्या चपलेवर ठेवली. चप्पल मी तिथेच सोडली.

हिरवी अशी एकच फांदी उरली होती. ती वाळली की म्हातारीची जात संपली, कारण तिचं दुसरं झाड कुठेच नव्हतं. मामांनी कधी केलंच नव्हतं. म्हातारी कुठे पळून जातेय, असं म्हणत ते दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचे. आता मात्र ठरलं की त्या फांदीच्या काड्या उंबराच्या रोपांवर बांधायच्या. उंबराची मुळं चिवट, जमिनीतल्या किड्यांना दाद देत नाहीत. याचा अर्थ असा की ज्याचं फळ उघडलं की माश्यांचं संमेलन उठतं, त्या उंबराच्या पायांवर माझं एकमेव स्वच्छ अंजीर उभं राहणार होतं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, म्हणून मी काही बोललो नाही.

बोलण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. ती म्हणजे मामांचं तोंड.

कलमाची काडी कापल्यापासून बांधेपर्यंत वाळली की मेली. उन्हाळ्याच्या झळेत तिला मरायला वेळ लागत नाही. म्हणून मामा काड्या तोंडात धरायचे. तोंड म्हणजे फुकटचा माठ, हा त्यांचा सिद्धान्त. त्या माठात तंबाखू असायची, लवंगेचं तेल असायचं, रात्रीच्या कांद्याचा मुक्काम असायचा आणि त्या सगळ्यांच्या गर्दीत चार-पाच काड्या उभ्याने प्रवास करायच्या. कलमावर गुंडाळायची पट्टी तोडायची तीही त्याच तोंडाने. आसपासच्या अंगणांमध्ये लोक ज्या अंजिराच्या सावलीत कौतुकाने खुर्च्या टाकून बसत, त्यातल्या प्रत्येक झाडाची मामांच्या दाढेशी जुनी ओळख होती. मी मामांना एकदा जंतूंबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले की असं असतं तर मी कधीच मेलो असतो. मग थुंकले.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरने मामांच्या दोन दाढा काढल्या आणि तोंडात काही घालू नका असं बजावलं. डॉक्टरचा मान म्हणून मामांनी तंबाखू दुसऱ्या गालात ठेवायला सुरुवात केली.

काड्या कापल्या त्या दिवशी मामी रोपं घेऊन बाजाराला गेल्या होत्या. मामा शिडीवर चढले, फांदीवरच्या पेन्सिलीएवढ्या सहा काड्या कापल्या, पानं खुडली, चीक गळू दिला आणि सवयीने काड्या तोंडात घातल्या. खाली उतरले तेव्हा त्यांच्या हनुवटीवर लाल रेघ होती. ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसली, माझा हात ओढला आणि तळहातावर काड्या थुंकल्या. गरम, गुळगुळीत आणि गुलाबी.

"धर. तोंडात ठेव. माझं गळतंय."

मी हो म्हणालो आणि शेडच्या मागे गेलो. माझ्या खिशात हात निर्जंतुक करायची बाटली असते. आत्ताही आहे. मी एकेक काडी त्या औषधाने चोळली, मग पुन्हा चोळली, उकळून वाळवलेल्या रुमालात गुंडाळली, रुमाल ओला केला, स्टीलच्या डब्यात घातला, झाकण लावलं आणि डबा सावलीत स्टुलावर ठेवला. ऑपरेशनची तयारी वाटावी असं देखणं काम होतं. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो फार टिकला नाही.

मामा चाकूला धार लावत बसले. धार लावताना ते कुणाचं ऐकत नाहीत. सावलीही ऐकत नाही. ती तेवढ्यात स्टुलावरून उतरून भिंतीकडे गेली. मामांनी पहिली काडी मागितली तेव्हा डब्याचं झाकण मला कपड्याने धरून उघडावं लागलं. आतून वाफ आली. दवाखान्यात भाजी शिजत असावी असा वास. काडी उचलली तर साल मोजा निघावा तशी हातात निघून आली. दुसरीची निघाली. सगळ्यांचीच निघाली.

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक काडी उचलली, हुंगली आणि जिभेला लावून पाहिली.

"औषध पाजलंस होय," ते म्हणाले. "आजारी ती होती. ही तर बरी होती."

मी फांदीकडे पाहिलं. वर फक्त बुडखे होते. किड्याने जे वर्षभरात केलं नव्हतं ते मी एका बाटलीत आणि एका डब्यात करून दाखवलं होतं. यापुढे मी जन्मभर प्रत्येक घास फोडून पाहणार, एवढंच दिसत होतं.

तेवढ्यात मामांच्या चेहऱ्यावर खिशात किल्ली चाचपणाऱ्या माणसासारखा भाव आला. जीभ गालात फिरली. तंबाखूच्या मागून काहीतरी पुढे सरकलं आणि ओठांतून सहावी काडी बाहेर आली. मी तळहातावरच्या काड्या मोजल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे पाहायलाच मी तयार नव्हतो. तिच्यावर तंबाखूचा एक कण होता, फुटायच्या डोळ्याशेजारी, तीट लावावी तसा.

"एक राहिली होती," मामा म्हणाले.

आता घोडं पेंड खात होतं ते पुढे. उंबराचा शेंडा छाटला की भळाभळा चीक येतो. तो थांबेपर्यंत पुसत बसावं लागतं, नाहीतर काडी बसत नाही. मामांचे दोन्ही हात त्यात जाणार होते. तोंड पुन्हा गळायला लागलं होतं आणि काडी रक्तात भिजवायची नव्हती. मी धुऊन घेऊ का, असं विचारलं आणि टाकीकडे पाहिलं. टाकीत डासांच्या अळ्या कवायत करत होत्या. हातांना अजून औषधाचा वास होता. मामांनी काडी माझ्यापुढे धरली. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

"नाकमुरडे, आता एक तर तुझं तोंड आहे, नाहीतर ऊन आहे."

मी तोंड उघडलं.

आधी लवंग आली. मग तंबाखू. मग लोखंडासारखं काहीतरी, जे लोखंड नव्हतं. मग चिकाचा कडवटपणा, ज्याने ओठांची आग व्हायला लागली. पण हे सगळं मी सहन केलं असतं. काडी कोमट होती. उन्हाने नव्हे, मामांनी. त्यांच्या अंगाची ऊब माझ्या जिभेवर येऊन बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. तोंडाला पाणी सुटलं. ते गिळता येईना, थुंकावं तर काडी सुटेल. मी हनुवटी वर करून, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीसारखा उभा राहिलो.

मामांना घाई नव्हती. ते चीक पुसत होते आणि एका गिऱ्हाइकाने पेरूचं झाड उलटं कसं लावलं होतं ते सांगत होते. मधेच एक खरं गिऱ्हाईक आलं, लिंबाच्या रोपांची चौकशी केली आणि माझ्याकडे बघून विचारलं की याला दातांचा त्रास आहे का. मामा म्हणाले, नाही, हा माठ आहे. गिऱ्हाइकाने मान डोलवली आणि रोपं घेतली.

मग मामांनी काडी माझ्या ओठांतून काढली, चाकूच्या दोन फटक्यांत तासून तिची पाचर केली, उंबराच्या चिरेत सालीला साल लावून बसवली आणि पट्टी गुंडाळली. पट्टी तोडायला त्यांनी सवयीने तोंड पुढे केलं. थांबले. आणि पट्टीचं टोक माझ्यापुढे धरलं. मी दातांनी तोडलं.

ओठ पुढे कितीतरी दिवस दोन वांग्यांसारखे होते. मी मिठाच्या पाण्याने, तुरटीने, कोळशाने आणि एकदा चुकून भांड्यांच्या साबणाने चुळा भरल्या. ऊब गेली नाही. तिकडे कलमावरच्या प्लास्टिकच्या टोपीत डोळा फुगला, हिरवा झाला, मांजरीच्या कानाएवढं पान आलं. म्हातारीचं जुनं खोड तोडून जाळलं तेव्हा धुरातून अळ्या तडतडल्या. मामा म्हणाले, फुटतायत बघ. मी बघितलं नाही. ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात कलमाला अंजीर आलं. एकच. भोकाशी थेंब, थेंबाचं बूच. मामा आणि मामी दोघंही बघायला उभे राहिले, लग्नाला उभं राहतात तसे. फोडून बघ हवं तर, असं मामांनी सुचवलं. मला आतलं सगळं ठाऊक होतं. हे फळ माझं कोण लागतं, मामांचं कोण लागतं, कुठल्या गालातून कुठे आलं. मी ते तोडलं आणि तसंच तोंडात टाकलं.

तेच होतं. स्वच्छ, गोड, गप्प. तंबाखूचा मागमूस नाही. मी शिसारीची वाट पाहिली, अडलेल्या शिंकेची पाहावी तशी. ती आली नाही. आली नाही हेच मला इतकं घाण वाटलं की मी खाली बसलो.

मामी म्हणाल्या की बरं लागलं कलम. माझीही लागतात की, ओल्या पोत्यात गुंडाळलेली. शेडमध्ये खुंटीला पोतं असतं, ते भिजवायचं आणि काड्या त्यात ठेवायच्या, एवढंच. ह्यांना आपला तोंडाला चाळा लागतो.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी उंबराच्या बुंध्याकडे पाहिलं.

"पोतं लांब होतं," ते म्हणाले.

तेव्हापासून माझं या घरात काही चालत नाही. पूर्वी मी नाक मुरडलं की काम दुसऱ्याकडे जायचं. आता टाकीतला मेलेला उंदीर, आंबलेल्या फळांची बादली, मोरीची तुंबलेली जाळी, सगळं माझ्याकडे येतं. मी तोंड वाकडं केलं की मामी शांतपणे विचारतात, ह्यांची काडी धरलीस ना तोंडात, मग जाळीत असं काय आहे? आणि वाईट हे की मी आत हात घालतो, केसांचा गोळा बाहेर काढतो आणि मला काहीच होत नाही. अंजीर मात्र परत आलं आहे, यंदा भरपूर, रोज. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं ते मिळालं. तक्रार त्याबद्दल नाही.

सबब, संबंधित खात्यास सविनय विनंती की, अर्जदाराची शिसारी, जी कलम बांधण्याचे कामी तोंडी जबाबदारी पार पाडत असता गहाळ झाली, तिचा सत्वर शोध घेऊन ती आहे त्या स्थितीत, न धुता, अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावी. शोध लागेपर्यंत अन्य कुणाची वापरात नसलेली शिसारी तात्पुरती मंजूर करण्यात यावी. आणि सदर अर्जाचा निकाल लागेतोवर मोरीची जाळी मामांनी स्वतः, स्वतःच्या हाताने काढावी, असे लेखी आदेश व्हावेत.