शुभ शुक्रवारची घंटा

एकोणीसशे ऐंशीचा शुभ शुक्रवार. मटिल्डा सवयीने ओट्यावर बसून चर्चच्या सांजघंटेची वाट पाहत होती. घंटा झाली की घरातल्या वेदीपुढे मेणबत्ती लावायची. अंधार दाटला तरी घंटा होईना. मग तिला आठवलं. येशूच्या मरणाच्या दिवशी घंटा वाजवत नाहीत, हे वसईतलं शेंबडं पोरही सांगेल!

गेल्या वर्षी शुभ शुक्रवारीच फर्डिनंडचा त्याच्या केळीच्या वाडीत खून झाला होता आणि आळ गावातल्याच आग्नेलवर आला होता. मटिल्डाने कोर्टात शपथेवर सांगितलं, "सांजेची घंटा होत होती, तेव्हा आग्नेलला त्या वाडीतून लगबगीने बाहेर पडताना मी पाहिलं." जूचंद्र गावचा मिठागरावरचा मजूर काशीराम साक्षीत म्हणाला, "आग्नेल अंधार पडंपर्यंत माझ्यासंगं मिठागरावर व्हता." वेळ विचारली, तर म्हणे, "भरतीचं पानी चढत व्हतं." कोर्ट हसलं. त्याच्या भरतीपेक्षा हिची घंटा खरी ठरली. आग्नेलला जन्मठेप झाली आणि फेब्रुवारीत तो तुरुंगातच काविळीने गेला.

मटिल्डा खोटं बोलली नव्हती. तिने घंटाही ऐकली होती, आग्नेलही पाहिला होता. फक्त तो दिवस दुसरा होता.

कोर्टात घंटेचं नाव निघताच आग्नेल पिंजऱ्यातून ओरडला होता, "मटिल्डामावशी, त्या दिवशी तर..." शिपायाने त्याला दटावून गप्प केलं. त्याच्या परगावच्या वकिलाने फाईलमधून मानही वर केली नाही. मटिल्डाला वाटलं होतं, चोर घाबरला.

त्याचं ते वाक्य आज तिने एकटीने पुरं केलं.