मागच्या दारानं

“या बाईले घरदार नाही का गा?” बाबनराव मुलाच्या कानाशी कुरकुरले. “सकाळपासून इथंच फिरून राहिली.”

बाई म्हणजे त्यांची बायको. तुळजाबाईंनी ऐकलं आणि वरणाला फोडणी दिली.

ताट वाढून झालं, तसं कुशलनं डोळ्यांनीच आईला मागचं दार दाखवलं. त्यांनी हात पुसले, चपला घातल्या, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. मागून बाहेर, बोळातून वळसा, पुढून आत. पिशवी पाहिली की बाबनरावांना पटायचं, बायको गांधीबागेच्या बाजारातून सूत घेऊन आली. मगच ते जेवत. हातमागावर बसायचे तेव्हापासूनची सवय. ती सुताच्या कांड्या भरून उठल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. माग भंगारात गेला, सवय राहिली. आणि गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या.

“काकू, कुठं निघाल्या वं?” बोळात शेजारच्या चारुशीलानं विचारलं.

“घरी,” तुळजाबाई म्हणाल्या.

पुढच्या दारात त्या गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाबनरावांनी पिशवी पाहिली. मग तोंड पाहिलं, बराच वेळ.

“बाई, पुन्हा तुमीच?”

“बाबा, आई आहे ना!” कुशल घाईनं म्हणाला. “आई, नव्या गोळीनं फरक पडन. डॉक्टर म्हणे, पडतेच.”

पुन्हा वळसा घालायची ताकद नव्हती. तुळजाबाई पिशवीसकट ताटासमोर खाली बसल्या.

बाबनराव जरा सरकले. “तुमीही जेवल्या नाही वाटते.”

“नाही.”

“काहून?”

“आमचे मालक आल्याशिवाय मी जेवत नाही.”

“आमच्या इथंबी असंच आहे,” ते म्हणाले. आवाज मऊ झाला होता. त्यांनी पोळी मोडली, अर्धी तुळजाबाईंकडे सारली. “घ्या. थोडं थोडं खाऊ. ते रागावले तर माह्यं नाव सांगा.”

तुळजाबाईंनी घास घेतला. तो गिळेपर्यंत बाबनराव थांबले, मग त्यांनीही घेतला. दाराशी कुशल गोळीची पट्टी धरून उभा होता.

“येतीन ना तुमचे मालक?” बाबनरावांनी विचारलं.

“येतीन, येतीन,” कुशल सवयीनं म्हणाला.

तुळजाबाईंनी नवऱ्याच्या वाटीत वरण वाढलं.

“नाही गा कुशल,” त्या म्हणाल्या. “ते नाही येत आता.”