कैलासवासी तुळशीराम हयात आहेत

माझ्या बापाला तुम्ही मारलंत, साहेब. बसऱ्याला तुर्काच्या तोफांना जे जमलं नाही, ते तुम्ही एका पाकिटात करून दाखवलंत. तेव्हापासून खुर्चीवरची माणसं कितीदा तरी बदलली, हे मला ठाऊक आहे. पण खुर्ची तीच आहे, म्हणून मी खुर्चीलाच साहेब म्हणतो.

१९१७ साली पनवेलजवळच्या आमच्या पाड्यावर तुमचा कागद आला : शिपाई तुळशीराम लढाईत कामी आला. आजानं खाडीवर जाऊन क्रियाकर्म केलं. बायकांनी माझ्या आईच्या, हौसाच्या, बांगड्या फोडल्या. मी तेव्हा दोन वर्षांचा.

आणखी दोन वर्षांनी बाप पनवेल बंदरात उतरला. उजव्या कानानं बहिरा, बाकी सगळा शाबूत. सोबत त्याच पलटणीतला मुबारक मणेर.

पण घरात घेता येईना. भटजी म्हणाला, ज्याचं तेरावं झालं तो मेला. आता तो परत जन्माला आला पाहिजे. मग त्या सहाफुटी मिशाळ शिपायाला पाळण्यात बसवला. गुडघ्यापासून पाय बाहेर. बायकांनी दोरी ओढली, कानात नाव सांगितलं, तेही नेमकं बहिऱ्या कानात. अंगणातून मुबारक ओरडला, "तुळश्या, रडू नको रे, दूध आणतो!" दुपारी बापाचं आईशी पुन्हा लग्न लागलं. आईबापाच्या लग्नात पंगतीला बसलेला मी या तालुक्यात एकटाच असेन.

अडाण्यांचा अडाणी विधी, म्हणाल. असेल. पण मेलेला माणूस जिवंत करायला अडाण्यांना एक दिवस पुरला.

तुम्ही मात्र तोवर कचेरीच्या आवारात दगड उभा केला होता. कामी आलेल्यांची बारा नावं, पाचवं बापाचं. दर नोव्हेंबरात, लढाई थांबली त्या दिवशी, त्याला हार. सत्तेचाळीसनंतर हार घालणाऱ्याची टोपी बदलली, झेंडू तोच राहिला. बाप मिठागरातून येऊन तडकलेले पाय धुवायचा, कोटावर पदक लावायचा आणि पनवेलला चालत जाऊन दगडापुढे उभा राहायचा. अकरा जण त्याचे खरंच गेले होते. त्यांना सलाम करायचा. एका वर्षी एक साहेब त्याला म्हणाले, "बाबा, जरा बाजूला व्हा. हुतात्म्यांचा मान राखा."

हुतात्मा बाजूला झाला.

तिथून तो थेट बाजारात, मुबारकचाचाच्या बांगड्यांच्या दुकानी.

"दे रे हिरव्या, डझनभर."

"गेल्या सालच्या फुटल्या का भाभीच्या?"

"फुटल्या नाय तरी दे. एकदा माज्यापायी फुटल्या, त्या भरतोय अजून."

शेहेचाळीस वर्षांत एक नोव्हेंबर चुकला नाही. घरी आणून स्वतःच्या हातानं भरायचा. मिठानं चिरलेली बोटं, पण आईच्या हाताला ओरखडा नाही. आई लाजायची, "म्हातारी झालू मी. लोकं हसतान."

"हसू दे. मी जिता हाय तवर भरनार."

तुमच्या कागदाप्रमाणे मेल्यानंतर त्याला आणखी चार मुलं झाली. चौघांना त्यानं शाळेत घातलं, चौघांची लग्नं लावली. मेलेल्या माणसाच्या मानानं कामाचा होता.

आपलं राज्य आलं, आता आपले लोक ऐकतील, असं वाटून त्यानं अठ्ठेचाळीस साली नाव काढायचा अर्ज केला. मीच लिहिला. तुमचं उत्तर : "अर्जदार मयत असल्याचे अभिलेखावरून दिसते. सबब अर्ज वारसामार्फत करावा." मी वारस म्हणून अर्ज केला. उत्तर : "मयताच्या मृत्यूचा दाखला जोडावा." मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पुढचं माझं सगळं शिक्षण तुमच्या उत्तरांवर झालं.

सत्तावन्न साली बाप स्वतःच तुमच्या टेबलासमोर उभा राहिला. मुबारकचाचा साक्षीला.

"मी जिता हाय," बाप म्हणाला.

"ते मला दिसतंय हो, आजोबा," तुमचा कारकून म्हणाला. "कागदाला दिसायला पाहिजे ना!"

"तुजा कागद आंधला हाय का?"

चाचा म्हणाला, "भाऊसाहेब, मी याला पाळण्यात बघितलाय. याच्या जन्माचा साक्षीदार मी आहे."

कारकुनानं खरंच विचारलं, "जन्मसाल काय म्हणालात?"

त्यानंतर "चौकशी चालू आहे" अशी तुमची नऊ पत्रं आली. चाचा गेला. त्याच्या मुलाकडून बाप बांगड्या आणत राहिला.

यंदा माघात, शहात्तराव्या वर्षी, बाप अंथरुणात गेला. शेवटच्या दिवशी मला म्हणाला, "दगडावरचा नाव काडशील ना रं? तिला इधवा म्हनतंय ता." तिला म्हणजे आईला. सगळं भांडण एवढ्यासाठीच होतं. तोफ नाही, पदक नाही. त्याच्या जित्या बायकोला तुमचा दगड विधवा म्हणत होता, एवढंच त्याला खुपत होतं.

बायकांनी आईच्या हिरव्या बांगड्या फोडल्या. या खेपेला कागद खोटा नव्हता, कागदच नव्हता.

कागद आला तेराव्याला. पानं वाढत होतो, तेवढ्यात तुमचा चपराशी हसत हसत दारात. "काशीराम, झालं काम तुमचं! पेढे काढा." मी पाकीट फोडलं. "चौकशीअंती तुळशीराम हे हयात असल्याचे निष्पन्न झाले असून स्मारकावरील त्यांचे नाव वगळण्यात येत आहे. सबब त्यांच्या पत्नीस विधवा समजण्यात येऊ नये."

आतून आईनं विचारलं, "काय लिवलंय रं कचेरीन?"

तिला वाचता येत नाही. मी म्हणालो, सावकाश सांगतो. आज महिना झाला. ती रोज विचारते आणि मोकळं मनगट पदराखाली घेते. बापानं तिच्याशी कधी खोटं केलं नाही, मला करवत नाही. आणि तुमचं खरं मला तिच्यापुढे वाचवत नाही.

सही तुमची आहे. तेव्हा तुम्हीच या. ती ओसरीवरच बसलेली असते. तिच्यासमोर बसा आणि तिचा नवरा हयात असल्याचं मोठ्यानं वाचून दाखवा.

कधी येताय? लेखी कळवा.