करणच्या डब्यातला हुंकार

"हूं म्हण, बेटा! आईची याद येती का?" तातेराव महाराजांनी विचारलं.

भिंतीवरच्या डब्यातून बारीक, लांब सूर निघाला, "हूंऽऽ." ओसरीवर दाटीवाटीनं बसलेल्या बायाबापड्यांनी हात जोडले. महाराजांनी डोळे मिटून मान डोलावली. कडूबाईचा पदर वाऱ्यानं हलला. तिनं तो छातीशी धरला.

"माझं लेकरू! बघा, हात लावून गेलं!"

कडूबाईची लेक छकुली दाराशी उभी राहून बघत होती. धाकटा भाऊ करण राजूरच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हापासून आई एकदाही रडली नव्हती. सोलरचा हा डबा करणनं स्वतः जुळवलेला. घरातले दिवे, पंखा सगळं त्यावरच. तो वाजायला लागला अन् महाराज उगवले. "औषधाच्या वासानं आत्मा पळतो, बाई!" झालं! कडूबाईनं साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली तरी ऐकेना.

छकुली जालन्यात असलीच यंत्रं बनवायची. सूर ओळखीचा होता. पण खरं सांगू? पहिल्या दिवशी तीही दाराआड उभी राहून ऐकत राहिली. भावाचा आवाज कुणाला नको असतो?

आज तिचं लक्ष पदराकडे गेलं. दर 'हूं'ला पदर हलतो! आणि महाराजांचा हात गादीमागे, पंख्याचा वेग वाढवायच्या बटणावर.

"महाराज, हात मांडीवर ठेवा. आता विचारा."

"आत्म्याची परीक्षा घेती का, पोरी? भस्म होशील!"

"होऊ द्या. विचारा."

विचारलं. डबा गप्प. छकुलीनं पंखा पाचवर नेला. "हूंऽऽ!" एकवर आणला. गप्प.

"आई, आत करंट गाळायचं तारेचं वेटोळं हाय. पंखा जोरात फिरला की यंत्र जास्त ताकद मागतं. व्होल्टेज जरा पडलं की ते आणखी करंट ओढतं, मंग व्होल्टेज आणखी पडतं. व्होल्टेजचा हा झोका आपसूक थांबला असता, पण हे यंत्रच त्याला दर खेपेला ढकलून राह्यलं. वेटोळं थरथरतं, त्याचा हा सूर."

तिनं लॅपटॉप जोडला. करणच्याच प्रोग्रॅममध्ये एवढंच घातलं की व्होल्टेज हललं तर क्षणभर ओढ आवर. पंखा पाचवर नेला. वारा भरपूर, आवाज बिलकुल नाही.

महाराज चपला शोधायला लागले. "माझ्या तपाला नजर लागली..."

"तपाला न्हाई, बटणाला!" कुणीतरी म्हणालं. पण हसलं कुणीच नाही.

"बापहो," छकुली म्हणाली, "डबा वाजला तर आधी तार बघा, कारण शोधा. मेलेल्याचा आवाज ऐकवतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. तुमच्या दुःखावरच तो जगतो."

कडूबाई डब्याला कान लावून उभी होती. "करण? ए करण?" मग वळली. "मंग मी रोज कोणाशी बोलून राह्यले गं?"

"कोणाशीच न्हाई, आई."

"म्हंजे तो गेलाच?"

"गेला, आई."

कडूबाईनं हंबरडा फोडला. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. छकुलीही तिच्या गळ्यात पडून रडली. बऱ्याच वेळानं कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ओला तळहात लेकीपुढं धरला.

"आण ती गोळी."